खत आणि त्याचे खंडन

बारामती आणि इंदापूर यांच्या मधल्या ज्या पट्ट्यात शेळगाव वसले आहे, तेथे आज कालव्याच्या पाण्यावर उसाचे मळे उभे असले, तरी 1875 साली नीरेचा डावा कालवा अद्याप व्हावयाचा होता, पाऊस बेभरवशाचा होता, आणि बैल, बियाणे किंवा सरकारसारा यांपैकी कशाचीही निकड उभी राहिली की कुणब्यास सावकाराच्या ओट्याखेरीज दुसरी वाट नव्हती. त्या ओट्यावर जो कागद लिहिला जाई, त्यास खत म्हणत. आणि एखाद्या प्रमाणावरून काढलेला निष्कर्ष कोठवर धरावा व केव्हा सोडावा, हा तर्कशास्त्रातील गहन प्रश्न या कोरडवाहू मुलखात त्या खतानेच उभा केला.

1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरून फिर्याद करण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुळाच्या रक्षणाचा होता, परिणाम मात्र विपरीत झाला. कारण मुदत भरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहवून घेऊ लागला. समजा, कुणब्याने 50 रुपये दरमहा शेकडा 2 रुपये व्याजाने घेतले आणि काहीच फेडले नाही, तर तीन वर्षांनी खत 86 रुपयांचे होई आणि आणखी तीन वर्षांनी सुमारे 148 रुपयांचे. या शेवटच्या कागदावर सारी रक्कम रोख पावल्याचा मजकूर असे, आणि त्याखाली निरक्षर कुळाची निशाणी असे, नांगराची. पहिल्या पन्नास रुपयांचा मागमूसही त्या कागदावर उरत नसे.

दिवाणी अदालतीचा विचार सरळ होता: खत खरे, निशाणी खरी, तस्मात् कर्ज खरे. पेशवाईतील पंचायतीपुढे वादी व प्रतिवादी दोघांच्याही तक्रिरी लिहून घेण्याची रीत होती. नव्या अदालतीत कूळ बहुधा हजरच होत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा घेऊन सावकार जप्ती आणी. अखेर 12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे लोकक्षोभाचा स्फोट झाला, आणि त्याचे लोण इंदापूर, पुरंदर, शिरूर या तालुक्यांत व नगर जिल्ह्यातही पोहोचले. लूट व जाळपोळ यांचे समर्थन कोणी करू नये. परंतु गावोगाव जमलेल्या लोकांची मुख्य मागणी खते आणि हुकूमनामे हवाली करण्याची होती, आणि ते कागद मिळून जळाले की पुष्कळ ठिकाणी जमाव शांत होई, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या प्रमाणाला उत्तर देण्याची सोय न्यायासनाने ठेवली नव्हती, ते प्रमाणच त्यांनी अग्नीस दिले.

सरकारने आयोग नेमला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्याचे मर्म असे की, न्यायाधीशाने खतावर न थांबता त्याच्या मागे जावे, व्यवहाराचा आरंभापासून इतिहास तपासावा, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडावे. खत खोटे आहे असे कुळाने म्हणण्याची गरज उरली नाही. खत खरेच होते. खतावरून कर्जाकडे जाणारी वाट तेवढी तोडता येऊ लागली.

आपल्या नैयायिकांना हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक होता. साध्याच्या विरुद्ध सिद्ध करणारा तुल्यबळ हेतू पुढे आला, तर त्यास ते सत्प्रतिपक्ष म्हणत. आणि हेतू असूनही साध्य एखाद्या तिसऱ्याच गोष्टीवर अवलंबून असेल, तर त्या गोष्टीस उपाधी. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे नाही, इंधन ओले हवे. तद्वत् खत आहे म्हणून कर्ज आहे असे नाही, पैसा खरोखर हातात पडलेला हवा. 1879 च्या कायद्याने ही उपाधी शोधण्याचे काम अदालतीवर सोपविले, असे मला वाटते.

यंत्राला विचार करावयास शिकवू पाहणाऱ्यांना हीच अडचण शंभर वर्षांनी भेटली. भूमितीत नवे गृहीत वाढल्याने जुना सिद्धान्त मागे घ्यावा लागत नाही, व्यवहारात मात्र तो पदोपदी घ्यावा लागतो. म्हणून 1980 साली जॉन मॅकार्थी, रेमंड रायटर आदींनी असे माघार घेणारे, म्हणजे नॉन-मोनोटॉनिक, तर्क सूत्रबद्ध केले. अशा खंडनीय विधानांसाठी जी इंग्रजी संज्ञा रूढ झाली, ती एच. एल. ए. हार्ट यांनी 1949 साली जमिनीच्या कायद्यातूनच उचलली होती. जॉन पोलॉक यांनी 1987 साली निष्कर्षाला विरोध आणि अनुमानाचा छेद हे खंडनाचे दोन प्रकार वेगळे केले. पुढे 1995 साली बँकॉकच्या आशियाई तंत्रज्ञान संस्थेतील फान मिन् झुंग यांनी युक्तिवादांचे एक जाळेच मांडले. त्यात युक्तिवाद टिकतो तो स्वतःच्या वजनाने नव्हे, त्याच्यावरील प्रत्येक हल्ल्यास कोणी तरी उत्तर दिल्याने. खतावरून कर्ज सिद्ध होते, हा पहिला युक्तिवाद. यातील रक्कम व्याजाची आहे, हा त्यावर हल्ला. पहिला पडला. परंतु रोकड दिल्याची विश्वसनीय नोंद निघाली, तर हल्ला पडतो आणि पहिला पुन्हा उभा राहतो. सावकारासही येथे न्याय आहे.

मात्र जो आक्षेप जाळ्यात नोंदलाच गेला नाही, तो यंत्राच्या दृष्टीने नसतो, जसे गैरहजर कुळाचे म्हणणे अदालतीच्या दृष्टीने नसे. म्हणून शेळगावच्या शेतकऱ्याचा कर्जाचा अर्ज उद्या यंत्राने तपासावयाचा झाल्यास, नकाराचे कारण त्यास मराठीत कळवावे, त्यावरील त्याचे उत्तर दाखल करून घ्यावे आणि मगच निकाल कायम करावा, अशी हे यंत्र रचणाऱ्यांस माझी आग्रहाची विनंती आहे.