कबड्डीतील घातक पकडींवरील बंदी

कबड्डी या भारतीय सांघिक खेळात खेळाडूस इजा पोहोचविणाऱ्या पकडींना नियमांनी केलेला प्रतिबंध. महाराष्ट्रात हा खेळ पूर्वी हुतूतू या नावाने प्रचलित होता व त्याचे नियम स्थानपरत्वे भिन्न असत. चढाई करणाऱ्याचा दम तुटला की तो बाद होतो. साहजिकच त्याचे तोंड दाबण्याचा वा गळा आवळण्याचा मोह बचाव करणाऱ्यांस होतो. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३४ मध्ये नियमांना एकसूत्री रूप दिले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाची प्रात्यक्षिके दाखविली.

प्रचलित नियमांनुसार चढाई करणाऱ्याचे फक्त धड व हातपाय धरता येतात. तोंड दाबणे, गळा आवळणे, पायांची कैची घालणे आणि दांडगाईची पकड निषिद्ध असून, तसे घडल्यास पंच त्यास नाबाद ठरवितात. दोषी खेळाडूस ताकीद, तात्पुरते निलंबन किंवा हकालपट्टी अशी शिक्षा होते. रग्बी लीगमध्येही डोके वा मान यांवर आघात करणारी पकड निषिद्ध आहे. मोर्शीसारख्या गावातील मातीचे मैदान असो वा आंतरराष्ट्रीय सामन्यातील गादी, दम राखणे हे चढाई करणाऱ्याचे कौशल्य आहे. त्याचा श्वास कोंडणे हे बचावाचे कौशल्य नव्हे, हेच या नियमांमागील तत्त्व होय.