स्मार्टवॉच तुमच्या हृदयाचे ठोके कसं मोजतं? आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा?

स्मार्टवॉच हातातून काढून उलटं केलं की मागे हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. ठोके मोजण्याचं काम हा प्रकाशच करतो.

रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत जास्त रक्त येतं आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. सेन्सर हाच चढउतार मोजतो. या पद्धतीला फोटोप्लेथिस्मोग्राफी म्हणतात. ऑक्सिजनसाठी लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश वापरतात. कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालतो.

एआय काय करतं?

हात हलला किंवा पट्टा सैल असला की नोंदी बिघडतात. त्यातून खरे ठोके वेगळे काढायचं काम एआय करतं. झोप आणि ताण मात्र घड्याळ थेट मोजत नाही. हालचाल आणि ठोके पाहून ते अंदाज बांधतं. तुमचं नेहमीचं प्रमाणही ते लक्षात ठेवतं. रोज धावणाऱ्या माणसाची नाडी आरामात असताना मिनिटाला ५० असू शकते. दुसऱ्या कुणासाठी तोच आकडा वेगळा असेल. म्हणून एका आकड्यापेक्षा त्यात झालेला बदल महत्त्वाचा ठरतो.

इशारा किती खरा?

एट्रियल फिब्रिलेशन या आजारात हृदयाचे ठोके अनियमित पडतात, रक्ताची गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. अनेकांना त्याची लक्षणं जाणवतच नाहीत.

अमेरिकेत ॲपल वॉच वापरणाऱ्या ४,१९,२९७ लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २,१६१ जणांना, म्हणजे ०.५२ टक्के लोकांना अनियमित नाडीचा इशारा मिळाला. पुढे ४५० जणांनी छातीवर ईसीजी पॅच लावून तपासणी केली, तेव्हा ३४ टक्के जणांत हा आजार दिसला. मग बाकीचे इशारे खोटे होते का? तसं म्हणता येत नाही, कारण हा त्रास येतो-जातो आणि पॅच नंतर लावला होता. पॅच अंगावर असताना घड्याळाने पुन्हा इशारा दिला, तेव्हा ८४ टक्के वेळा तो बरोबर निघाला.

कुठे सावध राहायचं?

- हार्ट अटॅक: घड्याळ तो ओळखू शकत नाही. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर स्क्रीनवर सगळं ठीक दिसलं तरी लगेच १०८ ला फोन करा.
- ऑक्सिजन: गडद त्वचेवर आकडा चुकू शकतो. अमेरिकेतल्या रुग्णालयांमधल्या २०२० च्या अभ्यासात, बोटाच्या ऑक्सिमीटरला न कळलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट आढळली.
- साखर: सुई न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर ते जिवावर बेतू शकतं. दंडावर लावायचा ग्लुकोज सेन्सर वेगळा. त्याची बारीक तार त्वचेखाली असते.

थोडक्यात, घड्याळाचा इशारा म्हणजे निदान नव्हे. अनियमित नाडीचा इशारा आला तर नोंद जपून ठेवा आणि डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्या. केवळ घड्याळ पाहून गोळ्या सुरू किंवा बंद करू नका.