उघडे दार : पंडिता रमाबाई आणि शारदा सदनाचा वाद

१/ ११ मार्च १८८९. मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. उच्चवर्णीय हिंदू विधवांना निवारा आणि शिक्षण देणाऱ्या या संस्थेच्या चालक मात्र ख्रिस्ती होत्या. आपली श्रद्धा न लपवता आणि ती इतरांवर न लादता सार्वजनिक कार्य करता येते काय? या प्रश्नाचा हा इतिहास.

२/ रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने ते लेकीला दिले. आईवडील दुष्काळात गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२ मध्ये त्यांना वैधव्य आले.

३/ २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील अँग्लिकन भगिनींना आज्ञाधारक शिष्येची अपेक्षा होती. रमाबाई मात्र बायबल स्वतः वाचून प्रश्न विचारू लागल्या. ख्रिस्त स्वीकारला म्हणून पुरोहितशाहीचे नवे जोखड त्यांना मान्य नव्हते. त्यांचा शाकाहारही सुटला नाही.

४/ पुढे त्या अमेरिकेत गेल्या. १८८७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने १० वर्षे साहाय्य देण्याचे ठरवले. संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही आणि प्रत्येक मुलीला आपला धर्म पाळण्याची मुभा असावी, असे धोरण ठरले. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळात होते.

५/ वादाचे निमित्त साधे होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे असे. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

६/ पालकांची भीती निराधार म्हणता येत नाही. निराधार मुलीवर आश्रयदात्रीच्या आचरणाचा जो प्रभाव पडतो, तो कोणत्याही पाठाहून मोठा असतो. पण रमाबाईंची बाजूही विचार करायला लावते. दार लावून घेणे म्हणजे श्रद्धा चोरून पाळणे, आणि मुलींना दारातून परतवणे म्हणजे त्यांना दिलेले स्वातंत्र्यच काढून घेणे. तटस्थतेचा करार त्यांच्या मते शिकवण्यावर बंधन घालत होता, जगण्यावर नव्हे.

७/ १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातील अनाथ मुली व विधवा केडगावला आणल्या. तेथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १८९८ मध्ये बोस्टनची १० वर्षांची मुदत संपली आणि केडगावचे कार्य उघडपणे ख्रिस्ती झाले. टीकाकारांना हा आपल्या संशयाचा पुरावा वाटला. पण करार चालू असताना आणि तो संपल्यावर, दोन्ही काळांत रमाबाई आपण कोण आहोत हे लपवीत नव्हत्या.

८/ एक नोंद विसरू नये. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. ती हिंदूच राहिली. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी संस्था काढली. ज्या वर्षी सदनावर धर्मांतराचा आरोप झाला, त्याच वर्षी त्याच सदनातून शिकलेली एक मुलगी आपल्या धर्मात राहून नवे आयुष्य सुरू करीत होती. उघड्या दारातून आत जाता येत होते, तसे बाहेरही पडता येत होते.