एका शब्दाची दुरुस्ती

आज आष्टीहून बोलतोय. समोर लॉरा इंगल्स वाइल्डरचं ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ आहे. नागपुरात जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलं. विकणारा म्हणाला, पहिली आवृत्ती आहे. मी चित्रं पाहिली अन् गप्प राहिलो. १९३५च्या पहिल्या आवृत्तीत चित्रं हेलन सेवेलची होती. माझ्या प्रतीत गार्थ विल्यम्सची आहेत, म्हणजे १९५३ किंवा त्यानंतरची. तरी घेतलीच!

हा विल्यम्स म्हणजे ‘शार्लट्स वेब’ची चित्रं काढणारा. १९४७ साली तो मिसुरीतल्या मॅन्सफिल्डला जाऊन ऐंशी वर्षांच्या लॉराला भेटला, मग गोष्टींतल्या जागा बघत हिंडला. म्हणून त्याची छकडागाडी आणि ओंडक्यांचं घर खरं वाटतं. संग्राहक या चित्रांसाठी जीव टाकतात.

मी मात्र आधी एक शब्द शोधला. १९३५च्या मजकुरात त्या मुलखाचं वर्णन होतं: तिथं माणसं नाहीत, फक्त इंडियन राहतात. म्हणजे इंडियन माणसांत मोजलेच नव्हते. १९५२ मध्ये एका वाचकानं प्रकाशकाला पत्र लिहून हे दाखवलं. संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रॉम हादरली. इतक्या वर्षांत आपल्या कुणाच्याच हे लक्षात कसं आलं नाही? लॉरानं चूक मानली. ‘माणसं’ जाऊन ‘वसाहतकरी’ आले.

शब्द बदलला, गोष्ट तीच राहिली. इंगल्स कुटुंब १८६९ मध्ये कॅन्ससला गेलं, ती जमीन ओसेज लोकांची राखीव होती. तिथं घर बांधायचा हक्कच नव्हता. १८७० मध्ये ओसेजांना जमीन सोडायचं कबूल करावं लागलं, अन् १८७१ मध्ये इंगल्सही परतले. लॉरा तिथं पोचली तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची होती. म्हणजे पुस्तकातल्या आठवणी बव्हंशी आई-बापाच्या.

हे वाचताना मला आमचं अप्पर वर्धा धरण आठवलं. एकदा पाव्हण्याला नकाशा दाखवताना मी म्हणालो, “इथं नुसतं पाणी आहे.” शेजारचे काका बाजूलाच बसले होते. त्यांनी तिथल्या बुडालेल्या गावाचं नाव घेतलं, मग कुणाचं घर कुठं होतं ते सांगत बसले. चहा गार झाला.

पुतणीला वाचून दाखवताना मी दोन्ही शब्द सांगितले. ती म्हणाली, “काका, आधी चुकून लिवलं होतं का?”

मी पुढचं पान उलटलं नाही. आधी तिला ओसेजांचं सांगितलं.