द्राक्षाला सवलत, मोहाला खटला

सरकारचा विरोध दारूला असतो की ती गाळणाऱ्या माणसाला? आम्ही पंचशील मानतो, दारूची तरफदारी आम्हाला करायची नाही. पण कायदा सर्वांना एकाच मापाने मोजतो का, हे तपासलेच पाहिजे.

ठाणे-कुलाब्याच्या आदिवासींसाठी मोहाचे फूल हे टंचाईतले अन्न होते आणि दारूचे साधनही. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद पाडून धंदा बड्या मक्तेदारांच्या हाती दिला. तरीही घरची दारू थांबेना, तेव्हा 1892 च्या कायद्याने या दोन जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातले. इंग्रजांना चिंता महसुलाची होती, आदिवासींच्या आरोग्याची नव्हे.

1949 चा दारूबंदी कायदा नीतीच्या नावाने आला, पण मोहाचे फूल त्याच्याही कचाट्यात राहिले. 1951 मध्ये बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने आपल्या जाहीरनाम्यात दारूबंदीला उघड विरोध केला. महसूल बुडतो आणि बेकायदा गाळप वाढते, हे त्यामागचे कारण होते.

दारूबंदीचा हाच कायदा लागू असलेल्या राज्यात 2001 साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आले. राज्यातील द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्क माफ झाले. नाशिकच्या वायनरी त्यावर उभ्या राहिल्या. पुढे 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के परत देण्याची योजनाही आली. 27 जानेवारी 2022 रोजी मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्यास मान्यता दिली. विरोधामुळे तो निर्णय रखडला, पण समर्थनाचा मुद्दा एकच होता: शेतकऱ्याचे हित.

मग मोह वेचणारी आदिवासी बाई उत्पादक नाही का? 2021 मध्ये फुले गोळा करण्यावरील बंधने सैल झाली खरी, पण विनापरवाना गाळणे आजही गुन्हाच आहे आणि परवाना मिळवण्याइतके भांडवल तिच्याकडे नाही.

हातभट्टी विषारी असते, असे कोणी म्हणेल. असू शकते. वाईनसाठी परवाना, तपासणी आणि करसवलत आहे, तर मोहासाठी आदिवासींच्या सहकारी संस्थांना तेच द्या. नाहीतर दोन्हींवर सारखी बंदी घाला. बागायती जमिनीवर पिकते त्याला उद्योग म्हणायचे आणि जंगलात पिकते त्याला गुन्हा, ही विषमता संविधानाच्या समतेत बसत नाही.