यंत्रांची सामाईक बोली

आमच्या कड्याहून नगरमार्गे जुन्नर तालुक्यात गेलं की खोडदची रेडिओ दुर्बीण लागते. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, पसारा 25 किलोमीटरचा. त्या वळवायला वर कुणी चढत नाही. नियंत्रण कक्षातून हुकूम सुटतो. पण यंत्राला हुकूम द्यायचा तर भाषा हवी. प्रयोगशाळेतल्या मोजणीच्या उपकरणांपुढेही हाच पेच होता.

1975 मध्ये आयईईई-488 या मानकानं जोडणीची तार एक केली. बोली मात्र ज्या त्या कंपनीची राहिली. व्होल्टमीटर बदलला की प्रोग्राम पुन्हा लिहा! 1987 मध्ये काही आज्ञा समान झाल्या. 1990 मध्ये ह्युलेट-पॅकार्ड, टेक्ट्रॉनिक्स अशा स्पर्धकांनी मिळून ‘स्किपी’ हे व्याकरण ठरवलं. ‘मेझर:व्होल्टेज:डीसी?’ म्हणजे व्होल्टेज मोज आणि सांग. प्रश्नचिन्ह असलं तर उत्तर द्यायचं, नसलं तर नुसता हुकूम पाळायचा.

धंदा कुणीच सोडला नाही, भाषा तेवढी सामाईक केली. घरात दखनी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या आपल्याला हा शहाणपणा नवा नाही.