तीन लाख वीस हजार

ज्यांना चाळीस मिनिटं हेडफोन लावून बसायला जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे ‘म्हणजे बघा’, ‘तर काय’ येतं, त्यातलं बरंचसं काढलंय. थोडं राहिलंय, ते चालवून घ्या.

आजचा विषय फुटबॉलचा. दोडामार्ग बाजारातून चालत निघालात तर दहा मिनिटांत तुम्ही गोव्यात असता. रस्ता तोच, माणसं तीच, बोलीही बरीचशी तीच, पण खेळ बदलतो. अलीकडे शेतात बॅट-बॉल, पलीकडे डिचोली-साखळीकडे फुटबॉल. गोवा फुटबॉल असोसिएशन १९५९ सालची आहे, म्हणजे गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असतानाची. साळगावकर, धेंपो, सेझा अशा खाणवाल्यांनी क्लब काढले. खाणीचा पैसा होता, त्यामुळे चांगला खेळणाऱ्या मुलाला पगार मिळायचा. गोव्यातल्या फुटबॉलचा पाया हा पगार आहे, हे लक्षात ठेवा. मुलगा दिवसभर प्रॅक्टिस करतो आणि घरात चूल पेटते, असं जिथे जमतं तिथे खेळ टिकतो.

आता हाच प्रश्न मुलींसाठी विचारू. त्यांना पगार कोण देत होतं?

आपल्या देशात महिला फुटबॉलची संघटना १९७५ साली झाली. विमेन्स फुटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया. पुरुषांची एआयएफएफ वेगळी आणि ही वेगळी. बायकांची आशियाई संघटनाही वेगळीच होती. थोडक्यात, तिजोरी एकीकडे आणि खेळणाऱ्या मुली दुसरीकडे. आणि या मुलींनी काय केलं? १९८० साली कालिकतला आशियाई स्पर्धा झाली. यजमान म्हणून भारताने दोन संघ उतरवले, उत्तर आणि दक्षिण. दक्षिणेचा संघ फायनलला गेला आणि तैवानकडून ०-२ हरला. १९८३ साली भारत पुन्हा फायनलमध्ये, तेव्हा थायलंडने ३-० हरवलं. चार वर्षांत दोनदा आशियाचं उपविजेतेपद! त्याच १९८३ साली शांती मलिक अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू ठरली. गोव्याची योलांडा डिसोझा त्याच पिढीतली. ती भारताकडून खेळली आणि पुढे चित्रकार म्हणून नावारूपाला आली. तुमच्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलं होतं? ही स्क्रिप्ट लिहायला बसेपर्यंत मीही नव्हतं ऐकलं, आणि मी बॉर्डरवर राहतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिला फुटबॉल एआयएफएफकडे आलं. आता दिवस पालटतील असं वाटलं असेल. २००९ साली काय झालं बघा: भारतीय महिला संघ फिफाच्या क्रमवारीतून गायब झाला. दीड वर्ष मॅचच नाही, मग नंबर कशाचा देणार? आमच्याकडे याला ‘इनॅक्टिव्ह युजर’ म्हणतात. लॉगिन केलं नाही की अकाउंट बंद. फरक एवढाच की इथे लॉगिनचा पासवर्ड खेळाडूंकडे नव्हता.

‘समान पगार’ म्हटलं की सगळ्यांना अमेरिका आठवते. थोडक्यात सांगतो. २०१८ साली फ्रान्सच्या पुरुषांनी वर्ल्ड कप जिंकला, फिफाने ३ कोटी ८० लाख डॉलर दिले. २०१९ साली अमेरिकेच्या बायकांनी जिंकला, त्यांना ४० लाख. त्याच वर्षी ८ मार्चला तिथल्या २८ खेळाडूंनी स्वतःच्याच फेडरेशनवर केस केली होती. फायनलनंतर लियाँच्या स्टेडियममध्ये लोक ‘इक्वल पे’ म्हणून ओरडत होते. २०२० साली कोर्टाने पगाराचा मुख्य दावा फेटाळला, तरी त्या मागे हटल्या नाहीत. २०२२ साली २ कोटी ४० लाख डॉलरवर समझोता झाला. त्यानंतरच्या करारात पुरुष आणि बायका दोघांच्या वर्ल्ड कपची बक्षिसं एकत्र करून सारखी वाटायचं ठरलं.

यावर माझ्या ऑफिसमधल्या चहाच्या टेबलावर एक हमखास वाक्य येतं: ‘अरे, पण बायकांच्या मॅच बघतं कोण? रेव्हेन्यू आणा, पगार घ्या.’

ठीक. मग रेव्हेन्यूची गोष्ट ऐका. १९२० साली, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाची मॅच झाली. प्रेक्षक ५३,०००. पैसे जायचे जखमी सैनिकांसाठी आणि इतर मदतीला. आणि ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने बायकांना आपल्या क्लबांच्या मैदानांवर बंदी घातली. हा खेळ बायकांना शोभत नाही, हे एक कारण. दुसरं कारण कमी सांगितलं जातं: गेटवरच्या पैशातला जास्त भाग खर्चापोटी जातो, अशी त्यांची तक्रार होती. म्हणजे भांडण पैशाचंच होतं. बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. आधी मैदान काढून घ्यायचं आणि पन्नास वर्षांनी विचारायचं, प्रेक्षक कुठे आहेत? हा युक्तिवाद मला तरी पटत नाही. गर्दी आपोआप उगवत नाही, तीही कोणीतरी लावलेली असते.

आता परत आपल्याकडे. २०२२ हे वर्ष बघण्यासारखं आहे. जानेवारीत आशियाई कप आपल्या महाराष्ट्रात, म्हणजे नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात. भारताने इराणशी ०-० बरोबरी केली, मग संघात कोविड पसरला आणि घरच्या मैदानावर स्पर्धेतून बाहेर. ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप. सेमीफायनल मडगावला, २६ तारखेला. दुसऱ्याच दिवशी, २७ ऑक्टोबरला, बीसीसीआयने जाहीर केलं की क्रिकेटमध्ये बायकांना पुरुषांइतकीच मॅच फी: टेस्टला १५ लाख, वनडेला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. (वार्षिक करार मात्र सारखे झाले नाहीत. तेव्हा पुरुषांच्या वरच्या गटाला ७ कोटी, बायकांच्या वरच्या गटाला ५० लाख. हेडलाइनमध्ये हे येत नाही.)

पुढच्या फेब्रुवारीत सांगलीत वाढलेली स्मृती मानधना विमेन्स प्रीमियर लीगच्या लिलावात ३ कोटी ४० लाखांना गेली. मस्तच! दोन महिन्यांनी, एप्रिल २०२३ मध्ये, एआयएफएफनेही ऐतिहासिक म्हणून एक निर्णय घेतला. इंडियन विमेन्स लीगच्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचा करार द्यायचा. महिन्याला सत्तावीस हजारही नाही. आमच्या बॅचला कॅम्पसमध्ये जे पॅकेज मिळालं आणि ज्यावर आम्ही मीम्स बनवले, ते याच्याच आसपासचं होतं.

तरी मी या निर्णयाला हसणार नाही. शून्य आणि तीन लाख वीस हजार यांतलं अंतर एखाद्या मुलीच्या बापाला ‘अजून एक वर्ष खेळूदे’ म्हणायला पुरतं. पण त्याच काळात आयएसएलमधल्या पुरुषांच्या क्लबला खेळाडूंच्या पगारावर साडेसोळा कोटींची मर्यादा होती. ती कमाल आणि ही किमान, त्यामुळे थेट तुलना होत नाही, मान्य. तरी दहा मुलींचे मिळून ३२ लाख होतात. एकीकडे ‘याच्या वर जाऊ नका’ म्हणून सांगावं लागतं, दुसरीकडे ‘याच्या खाली तरी जाऊ नका’ म्हणून.

आणि यात एक मराठी गंमत आहे. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं नाव २०२३ पासून ‘राजमाता जिजाबाई ट्रॉफी’ आहे. नाव द्यायला पैसे लागत नाहीत.

मग राष्ट्रीय संघातल्या मुली जगतात कशावर? बऱ्याच जणी सरकारी नोकरीवर. रेल्वे, पोलीस, निमलष्करी दलं. बाला देवी, जी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, ती मणिपूर पोलिसांतली. गोव्यात पुरुषांसाठी जे काम खाणवाल्यांनी केलं, ते देशभर मुलींसाठी खाकी वर्दीने केलं. माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे. मॅच फी सारखी करणं सोपं. देशाच्या मॅच वर्षातून किती? बाकीचे दहा महिने क्लब काय देतो आणि लीग किती महिने चालते, यावर सगळं ठरतं. लीग चार महिन्यांत संपली तर उरलेले आठ महिने ती मुलगी फुटबॉलपटू नसते, नोकरदार असते किंवा घरी असते.

शेवटचा स्कोअर सांगतो. ५ जुलै २०२५, चियांग माई. भारताने थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवलं आणि पहिल्यांदा पात्रता फेरी खेळून आशियाई कपमध्ये जागा मिळवली. १९८३ साली ज्यांनी फायनलमध्ये हरवलं होतं, तेच थायलंड. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, जी सशस्त्र सीमा बलात नोकरीला आहे. एआयएफएफने पन्नास हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. रुपयांत साधारण ४२-४३ लाख, सगळ्या टीमला मिळून.